रेषेबाहेर गेलेला चेंडू

करोल बागेतील एखाद्या आडगल्लीत संध्याकाळच्या वेळी मुलांचा फुटबॉल रंगात आलेला असतो. मैदान म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांमधली जेमतेम जागा, आणि गोल म्हणजे दोन विटा किंवा काढून ठेवलेल्या चपला. चेंडू कोणाच्या ओट्यावर, दुकानाच्या पायरीवर अथवा उभ्या करून ठेवलेल्या स्कूटरखाली गेला, की दोन्ही पक्षांची मुले एकदम त्याच्यामागे धावतात. ज्याचा हात प्रथम लागेल त्याचा चेंडू. मग तो मुलगा एका हाताने, जमेल तसा, चेंडू आत फेकतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. चेंडू कोणाच्या पायाला लागून बाहेर गेला याची चौकशी करायला तेथे पंच नसतो, आणि ती करीत बसण्याइतकी सवडही कोणाला नसते.

हा नियम या मुलांना कोणी शिकविलेला नाही. तथापि तो त्यांनी नव्याने निर्माण केला आहे असेही नव्हे. १८६३ च्या डिसेंबरात लंडनमधील ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’ या खाणावळीत जमलेल्या काही क्लबांच्या प्रतिनिधींनी फुटबॉलचे पहिले सर्वमान्य नियम संमत केले. त्यांतला पाचवा नियम नेमका हाच होता. चेंडू सीमारेषेबाहेर गेला, तर जो खेळाडू त्याला प्रथम स्पर्श करील, त्याने तो रेषा ओलांडून गेला त्या जागेवरून आत फेकावा. सीमारेषेला इंग्रजीत आजही ‘टच लाइन’ म्हणतात, ते या प्रथम स्पर्शामुळे. स्पर्शाचा नियम जाऊन दीडशे वर्षे होऊन गेली. शब्द मात्र रेषेला चिकटून राहिला. जो नियम लंडनच्या विद्वज्जनांनी दहा वर्षांत टाकून दिला, तो दिल्लीच्या गल्लीत अजून अंमलात आहे.

करोल बागेची वस्तीही एका परीने अशीच रेषेबाहेर टाकलेल्या माणसांनी वसलेली आहे. १९११ साली राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि नव्या शहराच्या आखणीत माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाझार या जुन्या वस्त्या आड आल्या. त्यांतील लोकांना १९२० नंतरच्या दशकात रिजच्या टेकडीपलीकडे, पश्चिमेस जागा देण्यात आल्या. तोपर्यंत तेथे नाव घेण्याजोगी मोठी संस्था म्हणजे हकीम अजमल खान यांचे तिब्बिया कॉलेज. १९२१ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले होते. पुढे सरकारी कचेऱ्यांत नोकरीस आलेली मराठी, तमिळ, बंगाली कुटुंबे याच भागात बिऱ्हाडे करून राहू लागली, आणि १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून उखडून आलेल्या निर्वासितांनी तो गजबजून गेला. त्याच लोंढ्यात सियालकोटचे चेंडू शिवणारे कारागीर सीमेअलीकडे आले आणि जालंधर व मेरठ येथे स्थिरावले. भारतातील मुलांच्या पायी पडणारा चेंडू त्यानंतर बहुतांशी याच दोन गावांत तयार होत आला आहे. रेषा ओढली जाते तेव्हा बाहेर कोण पडतो आणि पुन्हा आत कसा येतो, हा प्रश्न काही केवळ फुटबॉलपुरता नाही. पण प्रस्तुत विषय फुटबॉलचा आहे, तेव्हा तिकडेच वळावे.

१८६३ च्या नियमात आणखी एक अट होती. चेंडू सीमारेषेशी काटकोन करूनच फेकावयाचा, आणि जमिनीला टेकल्यावाचून तो खेळात आला असे समजावयाचे नाही. रग्बीचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना दोन्ही संघांच्या खेळाडूंच्या समोरासमोर उभ्या राहिलेल्या रांगा आणि त्यांच्या मधोमध सरळ फेकलेला चेंडू आठवेल. फुटबॉल आणि रग्बी हे सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा हा काटकोन रग्बीच्या वाट्यास गेला व तेथे तो आजतागायत नांदतो आहे. फुटबॉलने त्याची सुटका करून घेतली, ती मात्र सुखासुखी नव्हे.

प्रथम स्पर्शाच्या नियमातला दोष उघड होता. चेंडू बाहेर गेला रे गेला, की चार-सहा धट्टीकट्टी माणसे त्याच्यावर तुटून पडत. खेळ बाजूला राही आणि झोंबी सुरू होई. बाहेर घालविणाऱ्यालाच तो परत मिळण्याची शक्यता असल्यामुळे अडचणीत सापडलेल्या खेळाडूस चेंडू बाहेर मारण्यात काही तोटाही वाटत नसे. १८७३ साली हा नियम बदलून, ज्या संघाने चेंडू बाहेर घालविला त्याच्या प्रतिपक्षाने तो आत फेकावा असे ठरले. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर या खेळाच्या इतिहासात इतकी मोठी सुधारणा क्वचितच झाली असेल. आपल्या हातून गेलेली वस्तू दुसऱ्याची होते, हे तत्त्व त्या दिवशी रेषेवर उभे राहिले.

त्याच सुमारास उत्तरेकडील शेफील्ड शहरात निराळेच नियम चालू होते. पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावात फुटबॉलचे क्लब लंडनच्या संघटनेच्या आधीपासूनचे. तेथील मंडळींना हाताने चेंडू फेकणे मान्य नव्हते. खेळ पायाचा आहे, तर बाहेर गेलेला चेंडूही पायानेच आत यावा, आणि तो कोणत्याही दिशेस मारता यावा, असा त्यांचा आग्रह. लंडनकरांचे म्हणणे याच्या नेमके उलट. हा वाद बरीच वर्षे चालला. अखेर १८७७ साली तडजोड झाली: चेंडू हातानेच फेकावयाचा, पण काटकोनाचे बंधन काढून टाकावयाचे. हात लंडनचा, दिशा शेफील्डची. शेफील्डने त्यानंतर आपली स्वतंत्र नियमावली सोडली आणि इंग्लंडमध्ये फुटबॉलचा एकच कायदा झाला. इतक्या मोठ्या ऐक्याचा शेवटचा अडसर सीमारेषेवरची एक फेक असावी, ही गोष्ट सभांची इतिवृत्ते लिहिणाऱ्या माणसांना फारशी नवलाची वाटणार नाही. मोठ्या वाटाघाटी अडतात त्या अशाच ठिकाणी.

काटकोन सुटला आणि नवाच पेच उभा राहिला. फेक कशी करावी हे नियमाने सांगितले नव्हते. तेव्हा खेळाडू एका हाताने, धावत येऊन, क्रिकेटमध्ये सीमेवरून चेंडू फेकतात त्या रीतीने फेकू लागले. या कलेत नॉट्स काउंटी क्लबच्या विल्यम गन याची विशेष ख्याती होती. गन हा उंचापुरा, लांब हातांचा गृहस्थ. तो इंग्लंडकडून फुटबॉल आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ खेळला. ‘गन अँड मूर’ या नावाच्या बॅटी आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांतही परिचित आहेत. त्या नावातील गन तो हाच. त्याने एका हाताने फेकलेला चेंडू मैदानाचा मोठा भाग ओलांडून थेट गोलाच्या तोंडाशी पडे, असे सांगतात. गोफणीतून सुटलेल्या गोट्यापुढे पाखरांचे काय चालणार? १८८२ च्या डिसेंबरात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चारही देशांच्या संघटना मॅँचेस्टर येथे एकत्र आल्या व त्यांनी एकच नियम केला: चेंडू दोन्ही हातांनी, डोक्यावरून फेकला पाहिजे. गोफण काढून घेण्यात आली.

या नियमाच्या पुढील दुरुस्त्या वाचताना सरकारी परिपत्रकांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. प्रत्येक परिपत्रकामागे आधीच्या परिपत्रकातली फट हेरणारा कोणीतरी चतुर माणूस असतो. दोन्ही हातांची सक्ती झाली, तेव्हा लोक धावत येऊन उडी मारून फेकू लागले; म्हणून पायांविषयी नियम झाला. मग पाय रेषेवर असावेत की रेषेमागे, संपूर्ण असावेत की अंशतः, याचा काथ्याकूट अनेक वर्षे चालला. १९२० साली मात्र एक खरोखर महत्त्वाचा बदल झाला. थ्रो-इनवरून येणारा चेंडू घेणारा खेळाडू ‘ऑफसाइड’ ठरणार नाही, असे जाहीर झाले. त्यापूर्वी बचाव करणारा संघ पुढे सरकून उभा राही आणि फेकणाऱ्यापुढे चेंडू मागे देण्याखेरीज गत्यंतर नसे. नव्या नियमाने पुढची सारी भूमी मोकळी झाली. १९३१ पासून चुकीच्या फेकीची शिक्षाही सौम्य झाली. पूर्वी प्रतिपक्षास फ्री किक मिळे, ती जाऊन नुसती फेक मिळू लागली.

आजचा नियम थोडक्यात असा आहे. फेकणाऱ्याने मैदानाकडे तोंड करून उभे राहावे. दोन्ही पायांचा काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला असावा. चेंडू दोन्ही हातांनी डोक्याच्या मागून आणि डोक्यावरून, तो जेथून बाहेर गेला तेथूनच फेकावा. या फेकीवर थेट गोल होत नाही. दुसऱ्या कोणाचा स्पर्श होईपर्यंत फेकणाऱ्याने चेंडूस पुन्हा स्पर्श करावयाचा नाही. २००५ पासून प्रतिपक्षाच्या खेळाडूने त्याच्यापासून निदान २ मीटर दूर उभे राहावे लागते. यातील प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या जुन्या भांडणाची खूण आहे.

हा खेळ भारतात आला तो पलटणींबरोबर. १८८८ साली सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी सिमल्यास ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू केली. १८९१ साली मुंबईस रोव्हर्स चषक आला. १९४० मध्ये ड्युरँड स्पर्धा सिमल्याहून दिल्लीस उतरली आणि त्याच वर्षी आयर्विन अँफिथिएटरमध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून तो चषक प्रथमच भारतीयांच्या हाती आणला. याच मैदानाचे पुढे नॅशनल स्टेडियम झाले आणि १९५१ च्या मार्चमध्ये पहिले आशियाई सामने तेथे भरले. अंतिम सामन्यात मेवालालच्या एकुलत्या एका गोलाने भारताने इराणला हरविले. कर्णधार होता शैलेन मन्ना, आणि संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचे नाव येथे मुद्दाम घ्यावेसे वाटते. ते मूळचे शाळामास्तर. हैदराबाद पोलिसांच्या संघाने त्यांच्या हाताखाली १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला; मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते याच वेळी. १९६२ मध्ये जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ हरवून भारताने पुन्हा सुवर्णपदक मिळविले, आणि पुढच्याच वर्षी, १९६३ च्या जूनमध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने वारले. त्यांची शिकविण्याची रीत विलक्षण होती. ते अशा स्पर्धा भरवीत की ज्यात खेळाडूने आपला कमजोर पायच वापरावा, किंवा चेंडू पायाशी खेळवीत न बसता लगेच दुसऱ्याकडे द्यावा. ज्या अंगाकडे खेळाडू स्वभावतः दुर्लक्ष करतो, तेच अंग वेगळे काढून त्याचा सराव करून घ्यावयाचा, हे त्या शिक्षणाचे मर्म. शाळेत शुद्धलेखन कच्चे असलेल्या मुलाला मास्तर निबंध लिहावयास सांगत नाहीत, शुद्धलेखनच घालतात.

थ्रो-इन हे फुटबॉलचे असेच दुर्लक्षित अंग आहे. वरच्या दर्जाच्या एका सामन्यात चाळीस-पन्नास वेळा तरी चेंडू हाताने आत येतो. कॉर्नर किक त्या मानाने कितीतरी कमी, आणि पेनल्टी तर क्वचित. परंतु सरावाच्या मैदानावर मुले तासन् तास पेनल्टी मारताना दिसतील. रेषेवर उभे राहून फेक शिकणारा मुलगा शोधून सापडावयाचा नाही. हात सर्वांनाच आहेत, फेकणे सर्वांनाच येते, त्यात शिकवायचे काय, अशी समजूत. आणि एवढे करून फेकलेला चेंडू दोन-चार क्षणांत प्रतिपक्षाच्या पायात गेला, तर ती चूक कोणाच्या खाती लिहिली जात नाही.

वास्तविक या फेकीतली अडचण साध्या मोजणीने कळते. चेंडू फेकणारा खेळाडू रेषेबाहेर उभा असतो. म्हणजे त्या क्षणी मैदानात त्याच्या संघाचे १० आणि प्रतिपक्षाचे ११ खेळाडू असतात. चेंडू आपल्या हातात, पण माणूस एक कमी. शिवाय रेषा ही सर्वांत कडक पहारेकरी, कारण तिच्या बाजूने पळून जाता येत नाही. म्हणूनच जाणते शिक्षक सांगतात की फेक ही फेकणाऱ्याची नसून घेणाऱ्यांची असते. एकाने चेंडूकडे धावत येऊन आपल्यामागच्या पहारेकऱ्याला ओढून आणावे, दुसऱ्याने त्या मोकळ्या झालेल्या जागेत शिरावे, आणि चेंडू तिसऱ्याच्या पायाशी पडावा. फेकणाऱ्याने चेंडू सुटताच तत्काळ आत यावे, कारण तो आत आल्याशिवाय ११ पुरे होत नाहीत. बहुधा त्याच्यावर कोणाचेच लक्ष नसते. चेंडू त्याच्याचकडे परत देणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत बिनधोक युक्ती आहे.

हाताची रीत शिकवावयाची ती लहान वयातच. दोन्ही तळवे चेंडूच्या मागच्या अंगास, बोटे फाकलेली, अंगठे एकमेकांस जवळजवळ टेकलेले. कोपरे वाकवून चेंडू मानेमागे न्यावयाचा, पाठीची कमान करावयाची आणि पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचा जोर खांद्यांतून मनगटापर्यंत येऊ द्यावयाचा. मुलांच्या हातून ठराविक चुका होतात. जोर लावण्याच्या भरात मागचा पाय उचलला जातो. उजवा हात बळकट असल्याने चेंडू एका बाजूस गरगरत जातो. किंवा चेंडू डोक्यामागून न येता कपाळापुढूनच सोडला जातो. पाय उचलण्याची खोड मोडण्यास एक जुना उपाय आहे: मागच्या पायाचा अंगठा जमिनीवरून फरफटत आणावयास सांगावे. पाठीचा उपयोग कळावा म्हणून मुलांना समोरासमोर गुडघ्यांवर बसवून चेंडू फेकावयास लावतात. मग पायांची मदत राहत नाही आणि जोर कोठून येतो हे मुलाचे त्यालाच उमगते. जड चेंडूंचा सराव मात्र वाढत्या वयाच्या खांद्यांना व कण्याला घातक ठरू शकतो. तो मोठ्यांनीच करावा.

मराठी माणसाला ही हालचाल अगदी अनोळखी वाटू नये. तालमीत दोन्ही हातांनी मुद्गल डोक्यामागे नेऊन पुढे आणणारा पैलवान ज्याने पाहिला आहे, त्याला थ्रो-इनचे अर्धे शिक्षण मिळाले असे समजावयास हरकत नाही. आणि महाराष्ट्रात फुटबॉल जेथे सर्वांत खोल रुजला, ते कोल्हापूर तर तालमींचेच गाव. तेथील नामवंत संघांची नावे पाहावीत: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. इंग्लंडात क्लब निघाले ते शाळांतून, कारखान्यांतून आणि चर्चमधून. कोल्हापुरात ते पेठेच्या तालमीतून निघाले. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला म्हणजे शहराचे दोन भाग होतात आणि त्या दिवशी पाहुण्याने कोणत्या घरी चहा घ्यावा याचाही विचार करावा लागतो. मातीतल्या कुस्तीची आणि गवतावरच्या फुटबॉलची ही सोयरीक दुसरीकडे क्वचितच आढळेल. मुद्गल आणि थ्रो-इन यांची सांगड घालून पाहण्यासारखी आहे. शिक्षकांनी ती प्रयत्नपूर्वक घालावयास हवी.

परदेशात या अंगाकडे लक्ष गेले ते अलीकडेच. २००८ च्या सुमारास इंग्लंडमधील स्टोक सिटी या संघातला रोरी डेलॅप हा खेळाडू रेषेवरून चेंडू सरळ गोलासमोर फेकू लागला. विद्यार्थिदशेत तो भालाफेक करीत असे. चेंडू ओला असला तर तो टॉवेलाने पुसून घेई, आणि त्याची फेक येणार म्हटले की भलेभले बचावपटू गोंधळून जात. विल्यम गनच्या गोफणीची सव्वाशे वर्षांनंतर, दोन्ही हातांनी, नियमात राहून झालेली ही परतफेडच म्हणावयाची. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाने खुद्द इंग्लंडला २-१ असे घरी पाठविले. त्यांतला पहिला गोल कर्णधार गुन्नार्सनच्या लांब फेकीतून उद्भवला होता. ज्यांनी थ्रो-इनचे नियम केले त्यांच्यावरच ती फेक उलटली.

लांब फेकीच्या शास्त्राचाही अभ्यास झाला आहे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात फेकलेली वस्तू सर्वांत दूर जाण्याचा कोन ४५ अंशांचा सांगितलेला असतो. ब्रुनेल विद्यापीठात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र थ्रो-इनसाठी तो सुमारे ३० अंश आढळला. कारण सोपे आहे. मनुष्याचे शरीर ही तोफ नव्हे. चेंडू जितका वर फेकावा तितका हातांना वेग कमी देता येतो. वेगाचा तोटा कोनाच्या फायद्याहून अधिक ठरतो. तेव्हा ‘उंच फेक, उंच फेक’ म्हणून रेषेजवळून ओरडणाऱ्या हितचिंतकांचा सल्ला ऐकू नये हेच बरे.

२०१८ साली लिव्हरपूल क्लबने टोमास ग्रोनेमार्क या डेन्मार्कच्या गृहस्थांना केवळ थ्रो-इन शिकविण्यासाठी बोलाविले, तेव्हा पुष्कळांनी चेष्टा केली. चेंडू फेकण्यासाठी गुरू कशाला, असा सूर होता. ग्रोनेमार्क यांनी २०१० मध्ये कोलांटी घेऊन ५१.३३ मीटर फेक करण्याचा विक्रम केला होता. परंतु लिव्हरपूलमध्ये त्यांनी भर दिला तो लांब फेकीवर नव्हे. फेक झाल्यावर चेंडू आपल्याकडे कसा राहील, घेणाऱ्यांनी जागा कशी मोकळी करावी, चेंडू कोणत्या क्षणी हातातून सुटावा, या गोष्टी त्यांनी शिकविल्या. पुढच्या दोन वर्षांत लिव्हरपूलने युरोपचे आणि इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविले. त्याचे श्रेय थ्रो-इनला देणे वेडेपणाचे होईल. पण त्यानंतर चेष्टा थांबली हेही खरे. रहीमसाहेबांनी कमजोर पायाच्या स्पर्धा भरविल्या तो विचार आणि हा विचार एकाच जातीचा आहे. फरक इतकाच की एकाला त्यासाठी परदेशी क्लबाने बोलावून घेतले, आणि दुसऱ्याच्या पश्चात त्याचा वारसा आपण नीट सांभाळला नाही. १९६२ नंतर आशियाई सामन्यांतले फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास पुन्हा मिळालेले नाही. याची कारणे अनेक आहेत आणि ती एका फेकीत शोधणे योग्य होणार नाही. परंतु शिकविण्याजोग्या लहान गोष्टी शिकविल्या जात नाहीत, हे त्यांतले एक कारण असावे अशी शंका येते.

शेफील्डची जुनी हाकही अधूनमधून ऐकू येते. १९९३ साली जपानमध्ये भरलेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत थ्रो-इनऐवजी चेंडू पायाने आत मारण्याचा प्रयोग करण्यात आला. तो पुढे टिकला नाही. २०२० मध्ये नामांकित फ्रेंच प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी तीच सूचना पुन्हा मांडली: बाहेर एक खेळाडू गेल्यामुळे चेंडू ज्याचा त्याचेच नुकसान होते, हे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद खोटा नाही. बंदिस्त जागेत खेळल्या जाणाऱ्या पाच जणांच्या फुटसॉलमध्ये चेंडू पायानेच आत येतो. मोठ्या मैदानावर मात्र तसे झाले तर प्रत्येक संघ प्रत्येक वेळी चेंडू उंच उडवून गोलासमोर टाकील आणि खेळ हवेत जाईल, अशी धास्ती आहे. हाताची फेक आखूड असते हेच तिचे सामर्थ्य. ती खेळ जमिनीवर आणि माणसांत ठेवते. १८७७ ची तडजोड ज्यांनी केली त्यांना याची कल्पना होती की नाही हे सोडून द्यावे, पण ती टिकली आहे.

दिल्लीत मोठ्या फुटबॉलचे दिवस आता विरळ झाले आहेत. दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर वर्षानुवर्षे रंगलेली ड्युरँड स्पर्धा २०१९ साली कलकत्त्यास गेली. त्याआधी दोन वर्षे, २०१७ च्या ऑक्टोबरात, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत भारताचा संघ प्रथमच उतरला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून तो हरला. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने केलेला गोल तेवढा भारताच्या नावावर लागला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पेठांच्या फुटबॉलवर वाढलेल्या गावचा मुलगा राजधानीत जगापुढे खेळत असता कोल्हापुरात काय वातावरण असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

करोल बागेतल्या गल्लीत त्या मानाने काहीच नसते; ना रेषा, ना गवत. परंतु भिंत असते, आणि फेक शिकावयास एक भिंत आणि एक चेंडू पुरतो. तीन पावलांवर उभे राहून भिंतीवरच्या एखाद्या विटेचा नेम धरावा, दोन्ही पाय जमिनीवर ठेवावेत आणि परत येणारा चेंडू पायाने अडवावा. बूट लागत नाहीत, उंची लागत नाही, वर्गणीही लागत नाही. चेंडू चुकून पलीकडच्या गच्चीवर गेला, तर मात्र १८६३ चा नियम लागू होतो.